जात्याखालची फळी

बसा. खुर्चीवर, जमिनीवर, कुठेही. फक्त हात मोकळे ठेवा. आज मनाला हातांच्या मागे जायचं आहे.

श्रावणातला रविवार आहे असं धरा. मुलुंडचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. गॅलरीतून दिसणारे डोंगर ढगात गेलेले. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, म्हणजे कुठे जायचा प्रश्नच नाही. समोर फरशीवर प्लायच्या तीन पट्ट्या पडल्या आहेत. प्रत्येकी चार मिमी जाड, मीटरभर लांब, वीतभराहून थोडी रुंद. शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चाललंय; तिथल्या मिस्त्रींनी उरल्यासुरल्यातून त्या काढून दिल्या. यातून तुमचा पहिला लाँगबोर्ड, म्हणजे उभं राहून चालवायची चाकांची लांब फळी, व्हायचा आहे. आज मात्र तो होणार नाही. आज नुसतं चिकटवायचं आणि थांबायचं.

एक पट्टी मांडीवर घ्या. तळवा लांबीच्या दिशेने फिरवा, हात सरकतो. आता आडवा फिरवा. बारीक खरखर लागते. त्या रेघा म्हणजे झाडाच्या वाढीची दिशा. कारखान्यात ओंडका फिरता ठेवतात आणि त्याला लांब पातं लावतात. शार्पनरमधून पेन्सिलीचं साल निघावं तसं लाकूड सलग उलगडत जातं. मग हे पापुद्रे एकावर एक ठेवतात, एक उभा, एक आडवा. पट्टीची कड डोळ्यांजवळ धरा. तीन थर दिसतील: फिकट, गडद, फिकट. लाकूड रेघेच्या बाजूने सहज चिरतं. मधला आडवा थर ती चीर अडवतो. बाहेरच्या दोन थरांच्या रेघा पट्टीच्या लांबीने जातात ना, एवढं पाहून घ्या. आडव्या गेल्या, तर बोर्ड पायाखाली लोळागोळा होईल.

पट्टी खाली ठेवा. एक श्वास सावकाश जाऊ द्या.

हे खूळ परक्या मुलखातलं वाटत असेल, तर बेरिंगची गाडी आठवा. गॅरेजमधून मागून आणलेली तीन काळीकुट्ट बेरिंगं, खोक्याची फळी, पुढच्या आडव्या दांड्याला सुतळी. उतारावरून ती निघाली की खर्रर्र आवाजाने अख्खी चाळ खिडकीत यायची. तिकडे कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकात लाटांवर खेळणाऱ्या पोरांनी, समुद्र शांत असेल त्या दिवसांसाठी, फळीलाच चाकं ठोकली. दोन्हीकडे साहित्य तेच: एक उतार, एक फळी आणि घरच्यांचा ओरडा. तुमच्या पायांना आठवत असेल तो उतार. तो थोडा वेळ आठवू द्या.

आता डबा उघडा. फेव्हिकॉल १९५९ साली आलं. त्याआधी सुतार सरस उकळून वापरायचे आणि त्याच्या वासाने घर भरून जायचं. हा पांढरा रस सौम्य आहे, दह्यासारखा. पट्टीवर ओता आणि प्लायच्याच एका तुकड्याने पसरा. घाई नको, रेंगाळणंही नको. कोरडा ठिपका राहिला तर तिथे पुढे पोकळी राहील. कडेपर्यंत न्या. दुसरी पट्टी ठेवा, पुन्हा रस, मग तिसरी.

दोन्ही टोकांखाली दोन-दोन सेंटिमीटर जाडीच्या लाकडी चिपा सरकवा. मध्ये फरशी, टोकं वर. आणि आता जातं.

गॅलरीत कुंडीखाली पडलेलं आजीचं जातं. कैक वर्षांत त्याने दाणा पाहिलेला नाही. वरची तळी उचला. पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांतून. सावकाश फळ्यांच्या मध्यावर टेकवा. प्लाय दबत जाईल, मध्यभाग फरशीला टेकेल. जात्याच्या दोन्ही बाजूंना दिवाळी अंकांचे गठ्ठे रचा. कडेतून पांढरे थेंब बाहेर येतील. ओल्या फडक्याने पुसा.

झालं. आता हात मांडीवर.

तुमचं मन लगेच विचारेल, वळण बसलं का? उचलून बघू का? बघू नका. त्याऐवजी शंभर पानी वही घ्या आणि मध्ये वाकवा. पानांच्या कडा पाहा: त्यांची पायरी झाली आहे. वाकताना प्रत्येक पान शेजारच्या पानावरून जरासं घसरलं. सोडा, वही सरळ. पुन्हा वाकवा आणि या वेळी घसरलेल्या कडा दोन्ही टोकांना चिमटीत घट्ट धरा. आता मधला दाब काढलात, तरी बाक बऱ्यापैकी टिकतो. पानांना परतीची वाटच उरली नाही.

जात्याखाली हेच चाललं आहे. तीन पट्ट्या एकमेकींवरून केसभर घसरल्या आहेत आणि फेव्हिकॉल त्यांना त्या जागी पकडतं आहे. फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. चार मिमीच्या एका पट्टीचं बळ एक धरलं, तर सुट्या तीन पट्ट्यांचं तीन होतं. चिकटून बारा मिमीची एक फळी झाली, की सत्तावीस. तेच लाकूड, तेच वजन. वाढलं ते फक्त एकमेकींवरून न घसरणं.

त्या नऊपट बळासाठी तुम्ही काय केलंत? दहा मिनिटं रस पसरलात. बाकीचं काम पाणी करतं आहे, रसातून लाकडात आणि लाकडातून हवेत निघून जात. पावसाळ्यात हवाच भिजलेली, म्हणून ते हळू निघतं. एक दिवस द्या. श्रावण आहे, दीड द्या. रात्री पाण्याला उठाल, अंधारात जात्याला पाय लागेल. नुसता हात ठेवा त्यावर, थंड दगडावर, आणि परत झोपा.

सोमवारी संध्याकाळी कामावरून या, हातपाय धुवा, मग जातं उचला. फळी किंचित उसळेल. वीस मिमी वाकवली होती, त्यातले दोनेक मिमी ती परत घेते. घेऊ द्या, तेवढा तिचा हक्क. उरलेलं वळण तिचं झालं.

वर्तमानपत्र उभं दुमडून अर्धा आकार कापा, उलगडा. दोन्ही बाजू सारख्या मिळतील. रेघ मारा, करवतीने सावकाश कापा. कडा पॉलिश पेपरने घासा, आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस. तळवा डोळ्यांआधी सांगेल, कुठे अजून बोचतं आहे ते. पुढे वॉर्निश, ट्रक म्हणजे चाकांचे आस, आणि चाकं.

आणि मग एका पहाटे, दूधवाल्याच्या आधी, सोसायटीच्या आवारात फळी पालथी करून ठेवा. जात्याखाली जे पोट होतं, ती आता पाठ आहे. एक पाय ठेवा. दुसरा ठेवा. कमान तुमच्या वजनाने हळूच सपाट होईल आणि तळव्यांना खालून उलटा दाब जाणवेल. ढकलू नका अजून. तिथेच उभे राहा, दोन श्वास.

फळीच्या खालच्या अंगाला जात्याच्या कडेची एक फिकट गोलाई दबून उमटली आहे. वरून ती कुणाला दिसत नाही. ती घासून काढू नका.