नाडी लागत नाहीं म्हणून मेला काय?

गांवांत कोणी मूर्च्छित पडला म्हणजे जाणता मनुष्य प्रथम त्याचें मनगट धरितो. नाडी लागली तर आशा. न लागली तर रडारड. परंतु हल्लीं असेही रोगी आहेत कीं, ते बोलतात, जेवतात, चालतात, आणि तरी त्यांची नाडी हातास लागत नाहीं.

ह्यांच्या दुर्बल हृदयास एक पंप जोडलेला असतो. इ. स. १९६६ मध्यें अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं डॉ. डेबेकी ह्यांनीं असें साहाय्यक यंत्र कांहीं दिवस लावून एका स्त्रीचा जीव वांचविला. पुढें निघालेला लहान पंप छातींतच बसवितात. तो रक्त एकसारखें वाहवितो, म्हणून नाडी मंद होते किंवा मुळींच लागत नाहीं. पोटांतून बाहेर आलेल्या तारेनें तो कमरेच्या पेटीस व बॅटऱ्यांस जोडलेला असतो.

असा रोगी निश्चेष्ट पडल्यास वैद्यानें काय करावें? श्वास, त्वचेचा रंग व ऊब पाहावी. छातीस नळी लावून यंत्राची गुणगुण ऐकावी. तार सुटली काय, बॅटरी संपली काय, हें तपासावें. आणि घरच्या माणसास विचारावें, कारण त्याला त्या यंत्राची माहिती दिलेली असते. छाती दाबिली तर यंत्र निखळेल, ह्या भीतीनें पूर्वीं कित्येक हात आखडीत. परंतु २०१७ सालीं अमेरिकन हार्ट असोसिएशननें सांगितलें कीं, यंत्र तपासूनही रक्ताभिसरण पुरेसें होत नसेल, तर छाती दाबावी.

आतां आमचा प्रश्न असा: सवयीच्या खुणेवर भिस्त ठेवून जिवंतास मृत म्हणणारा, हेतु चांगला म्हणून, निर्दोष ठरतो काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याच्या हातीं दुसऱ्याचा जीव आहे, त्यानें दयेबरोबर ज्ञानही मिळविलें पाहिजे. शमुवेलासारखा संदेष्टाही इशायाच्या घरीं थोरल्या पुत्राची उंची पाहून फसत होता.

उपदेशक बंधूंनो, कोणी उपासनेस येत नाहीं, गीत गात नाहीं, कीं आपण म्हणतों, “ह्याचा विश्वास मेला.” त्याच्या घरीं जाऊन बसलों काय? त्याच्या बायकोस विचारिलें काय? कदाचित् कर्जाची किंवा दुःखाची एखादी तार सुटली असेल, व ती जोडणें आपल्याच हातीं असेल.

उलट, गुणगुण ऐकूं येते म्हणून रक्त पुरेसें वाहतेंच असें नाहीं. आपली प्रार्थना मोठ्यानें ऐकूं येते. आंत जीवन आहे काय, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें.