दोष कुणाच्या माथी?

मागच्या श्रावणात निपाणीकडच्या एका खेड्यातून सासू-सून मठात दर्शनाला आल्या. सुनेच्या कडेवर दोन वर्षांचे मूल होते. जन्मतःच त्याच्या पाठीच्या कण्यावर गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. पण पायांत बळ आले नाही. सासूबाई म्हणाल्या, "अप्पाजी, हिला सातवा महिना होता. ग्रहणात हिनं विळीवर भाजी चिरली. आता प्रायश्चित्त काय ते सांगा." सून मान खाली घालून उभी होती. तिने तोंडातून एक शब्द काढला नाही.

त्या वेळी आम्ही दोन समजुतीच्या गोष्टी सांगून त्यांना प्रसादाला बसविले. परंतु प्रश्न मनातून जाईना. जन्मतः आलेल्या वैगुण्याचा दोष द्यावयाचा तरी कुणाला? ग्रहणाला, आईला, की पूर्वजन्माला? याचे उत्तर देण्यापूर्वी गर्भात मेंदू कसा घडतो, हे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे. वस्तुस्थिती न जाणता दिलेला निवाडा हा अन्यायच होय.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक पट्टी दिसू लागते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळून नळी तयार होते. या नळीच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू. हे सारे सुमारे 28 व्या दिवसापर्यंत पुरे होते. खालच्या बाजूस नळी मिटली नाही, तर पाठीवर अशी गाठ उरते. आता विचार करा! अनेकदा त्या दिवसापर्यंत आपण गरोदर आहोत हे त्या माउलीलाही ठाऊक नसते. चौथ्या आठवड्यात जे घडून गेले, त्याचा जाब सातव्या महिन्यातील विळीला कसा विचारावा?

मग या पेशींना वाट दाखवितो कोण? जनुके. मनुष्याच्या शरीरात प्रथिने बनविणारी सुमारे 20,000 जनुके आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच संपूर्ण संच असतो. मठातील प्रत्येक खोलीत एकच पोथी ठेवावी, पण प्रत्येकाने आपल्या कामापुरते पान उघडावे, तसा हा प्रकार आहे. कोणते पान केव्हा उघडावयाचे, हे ठरविणारी काही जनुके असतात. त्यांतील एकाचा अभ्यास आपल्या मुंबईतच झाला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उंदराच्या गर्भावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. एल-एच-एक्स-2 नावाचे जनुक मेंदूच्या वरच्या सालीला, म्हणजे कॉर्टेक्सला, तिची ओळख देते. काही पेशींत ते जनुक अगदी आरंभी नाहीसे केले, तेव्हा त्या पेशी कॉर्टेक्स न होता आज्ञा देणाऱ्या वेगळ्याच पेशी झाल्या. आणि त्यांच्या शेजारच्या पेशींपासून स्मरणाचे केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस घडू लागला, तोही भलत्याच जागी. पुढे 2009 मध्ये अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की, हेच जनुक थोडे उशिरा काढले तर ती जागा वासाशी संबंधित सालीसारखी होते. त्याहून उशीर झाला तर तिची ओळख बदलत नाही. उंदराचा गर्भकाळ उणापुरा वीस दिवसांचा. त्यात एखाद्या दिवसाला एवढे मोल!

याच जनुकाचा भाऊबंद फळमाशीतही आहे. माशीतील ते जनुक बिघडले असता मनुष्याचे जनुक त्याचे काम करू शकते, हे 1999 मध्ये दाखविले गेले. माशी, उंदीर आणि मनुष्य यांची घडण जर अशी एका धाग्याने बांधलेली, तर आईच्या उदरात असताना उच्च कोण आणि नीच कोण? जन्मावरून माणसाची किंमत करू नये, हे बसवण्णांच्या मार्गाने चालणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

काही सज्जन म्हणतील, "हे पूर्वकर्माचे फळ." परंतु दुसऱ्याच्या कर्माची वही वाचण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? शिवाय जनुके निम्मी आईची, तर निम्मी बापाची. मुलात जे नवे बदल प्रथमच दिसतात, त्यांतील बहुसंख्य बापाकडूनच येतात. तरी बोट मात्र सुनेकडे! नळी मिटण्याच्या कामात तर असंख्य जनुके गुंतलेली असतात. उंदरात अशी दोनशेहून अधिक सापडली आहेत. एवढ्या गुंतागुंतीत एखादा टाका निसटला, तर त्यात पाप कसले?

दुसरे कोणी म्हणतील, "सगळे जनुकांतच लिहिलेले असेल, तर आमच्या हाती काय उरले?" हाही दैववादच, फक्त त्याने नवे वस्त्र नेसले आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 1991 मध्ये दाखवून दिले की, ज्या स्त्रियांना पूर्वी असे मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास पुन्हा तसे होण्याची शक्यता 72 टक्क्यांनी घटते. जनुके तीच, पण पोषण मिळाले तर काम निभावते. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार ठरताच डॉक्टरांना विचारून ही गोळी सुरू करावी. गोळी घेऊनही काही वेळा दोष राहतो. तेव्हाही आईला बोल लावू नये.

आमच्या भागासाठी आणखी एक सांगणे. तंबाखू हे येथील अनेकांचे पोट आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मिश्रीने आणि तंबाखूने निकोटिन आईच्या रक्तात जाते, वारेतून गर्भात उतरते आणि मेंदूच्या पेशी जेथे एकमेकींचे निरोप घेतात, त्याच दारांवर जाऊन बसते. मिश्री लावणाऱ्या मातांची मुले कमी वजनाची जन्मतात. गरोदर बाईला वखारीच्या धुळीतून दूर ठेवणे, तिच्या ताटात पालेभाजी आणि डाळ वाढणे, ही एकट्या तिची नव्हे, साऱ्या घराची जबाबदारी आहे. जे आपल्या हाती नाही त्याचा दोष तिला द्यावयाचा, आणि जे आपल्या हाती आहे ते करावयाचे नाही, हा कोणता धर्म?

गेल्या महिन्यात त्या दोघी पुन्हा आल्या. या वेळी आम्ही सासूबाईंना स्पष्टच सांगितले, "अक्का, तुम्ही प्रायश्चित्त विचारले होते. सुनेला काही नाही. पण तुम्हाला आहे. रोज सकाळी या लेकराच्या पायांना व्यायाम द्या, आणि त्या वेळेत तिला थोडा विसावा घेऊ द्या." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केले आणि सुनेच्या कडेवरचे मूल आपल्या मांडीवर घेतले.