क्लबला आठवण लागते

२१ मे २०२५ची रात्र. आपल्याकडे बारा वाजून अर्धा तास उलटला होता, तेव्हा स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात युरोपा लीगचा अंतिम सामना सुरू झाला. मँचेस्टर युनायटेड विरुद्ध टॉटनहॅम. घरातले सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. मध्यंतराला थोडा वेळ असताना टॉटनहॅमच्या ब्रेनन जॉन्सनने गोल केला आणि उरलेल्या वेळात युनायटेडला तो फेडता आला नाही. चार दिवसांनी प्रीमियर लीग संपली. वीस संघांत युनायटेड पंधरावं, ३८ सामन्यांत ४२ गुण. १९७४ साली हा क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता. त्यानंतरची ही सर्वांत वाईट जागा.

या चार दिवसांत आणखी एक रात्र होती. २३ मे, नेपल्स. इटलीचं विजेतेपद ठरवणारा सामना. इथेही मध्यंतराच्या थोडं आधी स्कॉट मॅकटॉमिने हवेत आडवा झाला आणि त्याने चेंडू जाळ्यात मारला. तिथला संघ नापोली विजेता ठरला आणि मॅकटॉमिने त्या हंगामातला इटालियन लीगचा सर्वोत्तम खेळाडू. हा मुलगा लहानपणापासून युनायटेडच्या अ‍ॅकॅडमीत वाढलेला. नऊच महिन्यांपूर्वी युनायटेडने त्याला सुमारे २५ दशलक्ष पौंडांना विकलं होतं.

तो विकला गेला याचं दुःख आहेच; पण सलतं ते वेगळंच. २०१७ ते २०२४ तो युनायटेडच्या पहिल्या संघात होता. त्या सात वर्षांत तो कधी बचावफळीपुढचा राखणदार होता, तर कधी सामना हातातून निसटताना उतरवायचा शेवटचा उपाय. हा खेळाडू नेमका कशासाठी आहे, हे कुणी ठरवलं आणि ते टिकलं, असं झालंच नाही. नेपल्समध्ये अंतोनिओ काँतेने ते पहिल्याच हंगामात ठरवलं आणि मधल्या फळीतून बॉक्समध्ये धडकायचं काम त्याला दिलं. त्याआधीच्या हंगामात नापोली दहावं होतं, म्हणजे तोही पडलेलाच संघ होता.

पडलेला संघ पुन्हा उभा कसा करायचा, हा प्रश्न मी गेली बारा वर्षं मनात घोळवतो आहे. प्रशिक्षक बदला, मोठा खेळाडू आणा, मालक हाकला, अशी सगळी उत्तरं मी स्वतःही वेळोवेळी तावातावाने दिली आहेत. आज मला वाटतं, त्यांतलं एकही उत्तर मुळाला हात घालत नाही. क्लबला आठवण लागते. कोणता खेळाडू का घेतला, कोणता पोरगा कुठल्या जागेसाठी घडवतो आहोत, आपण कोणत्या पद्धतीने खेळणार आहोत, हे लक्षात ठेवणारं आणि प्रशिक्षक गेल्यावरही तिथेच राहणारं कुणीतरी क्लबमध्ये असावं लागतं. ती आठवण पुसली गेली की कितीही पैसा ओतला तरी संघ होत नाही, नुसते खेळाडू गोळा होतात.

*

युनायटेडच्या इतिहासातच याचा पुरावा आहे. ६ फेब्रुवारी १९५८ला म्युनिकच्या धावपट्टीवर या संघाचं विमान कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. मॅनेजर मॅट बस्बी मृत्यूशी झुंजत होते. त्यांचे सहायक जिमी मर्फी वेल्सच्या राष्ट्रीय संघाचीही जबाबदारी सांभाळत. त्या संघाच्या सामन्यासाठी मागे थांबल्यामुळे ते विमानात नव्हते. राखीव संघातली, युवक संघातली पोरं आणि बाहेरून घाईने आणलेले मोजके खेळाडू घेऊन मर्फींनी संघ मैदानात उतरवला आणि तीन महिन्यांनी तो एफए कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तो सामना ते हरले. पण मर्फींना शून्यापासून सुरुवात करावी लागली नव्हती, कारण राखीव पोरांना त्यांनी स्वतःच वाढवलं होतं. कुणाचा पाय कसा चालतो, कोण दडपणाखाली गडबडतो, हे त्यांना पाठ होतं. दहा वर्षांनी, २९ मे १९६८ला, वेम्बलीवर बेनफिकाला ४-१ने हरवून युनायटेड युरोपचं विजेतं झालं. म्युनिकमधून वाचलेले बॉबी चार्लटन आणि बिल फोक्स त्या संघात होते आणि त्याच दिवशी एकोणीस वर्षांचा झालेला, अ‍ॅकॅडमीतला ब्रायन किडही होता. त्याने गोलही केला.

मग १९६९मध्ये बस्बी बाजूला झाले आणि पाचच वर्षांत क्लब खालच्या श्रेणीत गेला. चार्लटन निवृत्त झाले, डेनिस लॉ गेला, जॉर्ज बेस्ट दुरावला. एका माणसाच्या डोक्यात असलेला क्लब त्या माणसाबरोबर उठून गेला.

६ नोव्हेंबर १९८६ला अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आले तेव्हा युनायटेड बावीस संघांच्या तक्त्यात तळापासून दुसरं होतं. पुढची गोष्ट चाहते नेहमी संयमाचा धडा म्हणून सांगतात: साडेतीन वर्षं एकही करंडक नाही, १९८९-९०मध्ये तेरावा क्रमांक, सप्टेंबर १९८९मध्ये मँचेस्टर सिटीकडून ५-१ असा पराभव, फर्ग्युसनना जायला सांगणारा फलक ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर. तरी क्लबने त्यांना ठेवलं. १९९०मध्ये एफए कप आला, १९९३मध्ये सव्वीस वर्षांनी लीग आली आणि २०१३पर्यंत लीगची तेरा विजेतेपदं झाली. तेव्हा थांबा, वाट पाहा, फळ मिळेल.

हा धडा अर्धाच खरा आहे. संचालकांचा तो संयम आंधळा नव्हता. गुणतक्त्यात दिसत नव्हतं ते त्यांना मैदानाबाहेर दिसत होतं. मँचेस्टरमधली चांगली पोरं तोवर सिटीकडे जात होती. फर्ग्युसननी स्काउटांचं जाळं वाढवलं. सिटीच्या छायेत वाढणाऱ्या एका मुलाच्या दारात, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाला, ते स्वतः जाऊन उभे राहिले. तो मुलगा रायन गिग्ज. १९९२मध्ये युवकांचा एफए कप जिंकणाऱ्या संघात गिग्ज, बेकहॅम, निकी बट, गॅरी नेव्हिल होते. पॉल स्कोल्स आणि फिल नेव्हिल पाठोपाठ आले. या पोरांचे गुरू एरिक हॅरिसन फर्ग्युसनच्या आधीपासून क्लबमध्ये होते. नव्या मॅनेजरने जुनी आठवण पुसली नाही, तिच्यात भर घातली. म्हणूनच १९९५च्या उन्हाळ्यात इन्स, ह्यूज, कांचेलस्किस हे तिघे एकदम गेले आणि पहिल्याच सामन्यात अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ने हरावं लागलं, तरी क्लबचा पाया हलला नाही. त्या हंगामात लीग आणि कप दोन्ही घरी आले.

संयम हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. वाट पाहायला काहीतरी उगवताना दिसावं लागतं. पेरलंच नसेल तर वाट पाहण्याला अर्थ काय?

*

मे २०१३मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले. त्याच सुमारास मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. संघ आणि व्यवहार, दोन्हींची आठवण एकाच उन्हाळ्यात बाहेर पडली. फुटबॉलचा संचालक हे पद क्लबने पहिल्यांदा भरलं ते मार्च २०२१मध्ये. मधली आठ वर्षं हा क्लब कोणत्या पद्धतीने खेळतो, हे सांगणारा माणूस फक्त प्रशिक्षक होता आणि प्रशिक्षक तर बदलतच होते. सहा वर्षांच्या कराराने आलेले डेव्हिड मॉयेस दहा महिन्यांत गेले. मग फान खाल, मोरिन्यो, सोल्शर, रांगनिक, टेन हाख, अमोरिम. प्रत्येकाने आपल्या खेळाला लागणारी माणसं आणली आणि जाताना ती मागे ठेवली. पुढच्याला त्यांतली निम्मी नको होती. गाळाचे थर साचावेत तसा तो संघ साचत गेला.

पैसा नव्हता म्हणून हे झालं, असं म्हणता येत नाही. पॉल पोग्बा २०१२मध्ये युनायटेडमधून फुकट गेला आणि २०१६मध्ये तोच ८९ दशलक्ष पौंड मोजून परत आणला, जगातला तोवरचा सर्वांत महाग सौदा. आपल्या घरातलं पोर आपल्याला ओळखता आलं नाही, याची ती किंमत होती.

२०२४चा उन्हाळा तर याहून बोलका. जुलैमध्ये टेन हाख यांचा करार वाढवला. त्यांच्या मनासारखे खेळाडू आणले. २८ ऑक्टोबरला त्यांना काढलं. नोव्हेंबरमध्ये रुबेन अमोरिम आले. त्यांची रचना तीन बचावपटू आणि दोन विंगबॅकची. म्हणजे बाजूने धावणाऱ्या ज्या विंगरांवर संघ उभा केला होता, त्यांना जागाच उरली नाही. डिसेंबरमध्ये क्रीडा संचालक डॅन अ‍ॅशवर्थही पाच महिन्यांत बाहेर पडले. सहा महिन्यांत तीन वेगवेगळे बेत, आणि मे महिन्यात बिल्बाओ. अमोरिम वाईट प्रशिक्षक होते म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. चार बचावपटूंसाठी घडवलेला संघ तीन बचावपटूंवर खेळायला लावायचा, तर तो निर्णय खरेदीच्या आधी व्हायला हवा होता.

मालकांचा भाग मोठा आहे आणि तो बोलला पाहिजे. २००५मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो बराचसा कर्जावर, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. व्याजात गेलेला पैसा मैदानावर किंवा ओल्ड ट्रॅफर्डच्या गळणाऱ्या छतावर खर्च झाला असता. २०२४मध्ये सहमालक म्हणून जिम रॅटक्लिफ आल्यावर शेकडो कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. ताळेबंदात त्यांचा पगार खर्च म्हणून दिसतो. पण वर्षानुवर्षं क्लबमध्ये वावरलेली माणसं हीही आठवणच असते, आणि ती कमी केली की ताळेबंदात दिसत नाही असं काहीतरी जातं.

नियमही उलट दिशेने ढकलतात. २०२४मध्ये प्रीमियर लीगमध्ये तोट्याला मर्यादा होती. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत त्याच्या कराराच्या वर्षांत विभागून मांडता येते. अ‍ॅकॅडमीतला खेळाडू विकला तर आलेली सगळी रक्कम त्याच वर्षी नफ्यात जाते. म्हणजे हिशेबाच्या वहीत घरचा पोरगा विकणं सर्वांत सोयीचं. मॅकटॉमिनेच्या विक्रीमागे हे गणितही होतं. वाढवलेलं पोर विकायला बक्षीस देणारा नियम क्लबला घर राहू देत नाही, बाजार करतो. हा नियम बदलावा म्हणून चाहत्यांनी ओरडलं पाहिजे. ‘पुढचा प्रशिक्षक कोण’ या प्रश्नापेक्षा ते ओरडणं अधिक उपयोगाचं आहे.

*

मग करायचं काय? जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंडकडे पाहावं. १९९७मध्ये युरोप जिंकलेला हा क्लब २००५च्या मार्चमध्ये दिवाळखोरीच्या दारात उभा होता. स्टेडियम एका गुंतवणूक निधीला विकलेलं. त्या निधीच्या गुंतवणूकदारांनी सवलतीला होकार दिला म्हणून क्लब वाचला. पैसा नाही म्हणजे मोठी नावं नाहीत. २००७-०८मध्ये तेरावा क्रमांक आल्यावर युर्गेन क्लॉप आले. पण क्लॉपच्या आधीपासून तिथे मिशाएल झॉर्क होते: खेळाडू म्हणून आयुष्यभर याच एका क्लबचे, मग १९९८पासून दोन दशकांहून अधिक काळ त्याचेच क्रीडा संचालक. धावून धावून चेंडू हिसकावणारा खेळ खेळायचा हे ठरलं आणि त्या खेळाला लागणारी तरुण माणसं शोधली. जपानच्या दुसऱ्या श्रेणीतून नुकत्याच वर आलेल्या क्लबकडून शिन्जी कागावा साडेतीन लाख युरोंत आला, पोलंडमधून लेवान्डॉव्स्की, स्वतःच्या अ‍ॅकॅडमीतून मारिओ ग्योट्झे. २०११ आणि २०१२, सलग दोन विजेतेपदं. २०१५मध्ये क्लॉप गेले, तरी झॉर्क होते.

या सगळ्यातून मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी खेळ ठरवा. मग तो खेळ राखणारा माणूस नेमा आणि त्याला प्रशिक्षकापेक्षा जास्त वर्षं द्या. मग त्या खेळाचा प्रशिक्षक आणा. मग अ‍ॅकॅडमीत बघा, तिथे नसेल तरच बाजारात जा. युनायटेडने बारा वर्षं हा क्रम उलटा चालवला.

*

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा असतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींची नावं आम्ही आडनावांइतकी सहज घेतो. शाहू स्टेडियमवर संघ हरला की रात्री तालमीच्या कट्ट्यावर जाणती माणसं बसतात आणि हळूहळू बोलणं आजच्या सामन्यावरून गल्लीत खेळणाऱ्या एखाद्या बारा वर्षांच्या पोरावर येतं. त्याचा डावा पाय कसा आहे, तो कुणाचा, दोन वर्षांनी कुठे खेळेल. आता तिथेही बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू येतात, पैसाही वाढला आहे. पण ते बोलणं अजून थांबलेलं नाही. लहानपणी कट्ट्याच्या कडेला बसून ते ऐकताना मला कळत नव्हतं, की ही माणसं संघाची आठवण सांभाळत आहेत.

हजारो मैल दूरच्या एका इंग्लिश क्लबवर आपण जीव का लावतो, असं मला अनेकांनी विचारलं आहे. माझं उत्तर मला फार उशिरा सापडलं. ऑक्टोबर १९३७पासून आजवर युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या यादीत, खेळणाऱ्यांत किंवा राखीव खेळाडूंत, स्वतःच्या घरात वाढवलेला एक तरी खेळाडू असतोच. युद्ध, म्युनिक, खालची श्रेणी, मालकांची कर्जं, सहा-सात प्रशिक्षक, कशानेही ही ओळ तुटलेली नाही. क्लब बाकी सगळं विसरला, तेव्हाही एवढं त्याच्या लक्षात राहिलं. उभारणी करायची तर ती इथून करता येते, कारण हा पाया अजून शाबूत आहे.

चाहते म्हणून आम्ही वेळ द्यायला तयार आहोत. आठवा क्रमांक चालेल, दहावाही चालेल. फक्त काय पेरलं आहे ते आम्हाला दाखवा, आणि ते उगवेपर्यंत पेरणारा माणूस बदलू नका.

सामन्याआधी तासाभराने संघाची यादी येते. पूर्वी मी आघाडीला कोण आहे ते आधी बघायचो. आता यादी शेवटाकडून वाचतो. राखीव खेळाडूंतलं एखादं अनोळखी, सतरा-अठरा वर्षांच्या पोराचं नाव शोधतो आणि ते लक्षात ठेवतो.