मोटर

“साहेब, रात्री तुमची मोटर चालू राहते का हो?”

ऑक्टोबरातल्या एका सकाळी काकांनी हे विचारलं. हातात पाण्याचा पाइप, नजर जास्वंदीच्या बुंध्याकडे. मी लॅपटॉप घेऊन पायरीवर बसलो होतो, आठ मिनिटांनी मीटिंग होती.

“कसली मोटर?”

“काय की. दहा-साडेदहाला घूं घूं येतं. मांडणीवरची ताटं वाजतात. हिला वाटलं टाकीची मोटर असंल.”

टाकीची मोटर मी रात्री कधीच लावत नाही. ते घूं घूं कशाचं होतं हे मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणालो, “बघतो काका.” आणि मीटिंगला गेलो.

त्या ‘बघतो’वर मला लिहायचं आहे. पण आधी सबवूफरबद्दल बोलावं लागेल.

कंपनीने ऑफिसला यायची सक्ती काढली, तेव्हा मी पुण्यातला वन-बीएचके सोडून पाचगणीत एका जुन्या बंगल्याचा पुढचा भाग भाड्याने घेतला. माझं गाव खाली वाईजवळ आहे. पसरणीचा घाट लहानपणापासून पायाखालचा, तरी वर राहणं म्हणजे कायम पाहुण्यांचं, शाळेतल्या पोरांचं किंवा आजाऱ्यांचं काम असं आमच्याकडे समजायचे. बंगल्याचा हॉल तीस फूट बाय बावीस. चौदा फुटांवर पत्रा, खाली सागवानी फळ्या, एका बाजूला कमान, तिच्यापलीकडे दार नसलेलं स्वयंपाकघर. मागच्या भिंतीला लागून, त्याच जोत्यावर दोन खोल्या. त्यात काका-काकू राहतात. काका बंगल्याची आणि बागेची राखण करतात. मालक मुंबईत. मी काकांना ‘साहेब म्हणू नका’ असं पाच-सहा वेळा सांगितलं. ते हो म्हणाले आणि पुन्हा साहेब म्हणाले.

पुण्यातला माझा हॉल दहा बाय चौदा होता. तिथे आठ इंची सबवूफर छान चालायचा. तोच इथे लावला आणि बेस गायब. स्पीकर तोच, गाणं तेच, खालचा मजला कुणीतरी काढून नेल्यासारखा. हिशोब केला. इथे सातपटीहून जास्त हवा आहे, आणि कमानीतून ती आणखी पुढे जाते. छोट्या बंद खोलीत भिंती खालच्या स्वरांना टेकू देतात, मोठ्या मोकळ्या खोलीत तो मिळत नाही. वर एक निर्दय नियम आहे: तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर शंकूला चौपट हवा ढकलावी लागते. ८० हर्ट्झवर आरामात वाजणारा डबा ४० हर्ट्झवर धापा टाकतो तो म्हणूनच. आणि बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झ येतात, म्हणजे हे प्रकरण टाळताही येत नाही.

छोटा डबा, खोल बेस आणि कमी ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. चौथी अट मध्यमवर्गीय: स्वस्त. मग डबा मोठा घ्यायचा. सिनेमातल्या स्फोटांसाठी बनवलेले मोठे डबे स्वस्तात मिळतात, पण त्यातले बरेच एकाच स्वरावर गुरगुरतात. तबल्याचा बायाँ असो की बेस गिटार, सगळ्यांचं एकच ‘धूं’. संगीताला नुसता दणका पुरत नाही, स्वर वाजला तितक्याच चटकन थांबावाही लागतो. तीन महिने मी रिव्ह्यू वाचले, एक्सेल शीट केली. शेवटी पुण्यातून, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ओळखी निघत निघत, एक जुना बारा इंची पोर्टेड सबवूफर बावीस हजारांना आणला. नवा पन्नासच्या पुढे होता. ‘परवडला’ असं मी घरी फोनवर सांगितलं.

तो जून होता. पाचगणीत जूनपासून पत्र्यावर जो पाऊस पडतो, त्यात शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी कळणार नाही. चार महिने मी सुखात होतो. ऑक्टोबरात पाऊस थांबला, धुकं विरलं, आणि काकांना मोटर ऐकू यायला लागली.

आता माझी लाज सांगतो. त्याच्या आदल्याच महिन्यात, गणपतीत, आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी डीजेच्या भिंतींविरुद्ध लांबलचक पोस्ट टाकली होती. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी, सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल, म्हाताऱ्यांची छाती, तान्ह्या पोरांची झोप. बत्तीस अंगठे मिळाले होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मी इंजिनिअर आहे. अपराधी वाटलं की मी मोजमाप घेतो. काकांकडे देवदर्शनाला जायची गडबड होती तेव्हा ‘वायरिंग बघतो’ म्हणून मी त्यांच्या खोलीत गेलो, माझ्याकडे गाणं चालू ठेवून. (हे दुसरं खोटं.) फोनवरचं ॲप ३६ डेसिबल दाखवत होतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आहे. मी नऊ डेसिबलने निर्दोष होतो. खरंच बरं वाटलं. ते बरं वाटणं साधारण अर्धा मिनिट टिकलं, कारण तेवढ्यात मांडणीवरचं एक ताट किणकिणलं.

यंत्र निर्दोष म्हणतंय आणि ताट वाजतंय. उत्तर एका अक्षरात आहे. नियमांमधले डेसिबल ‘ए’ मोजपट्टीवरचे आहेत. माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याचे आलेख काढले, आणि कानाच्या या स्वभावाला धरून ‘ए’ मोजपट्टी बनली. ती ४० हर्ट्झच्या स्वरातून सुमारे ३५ डेसिबल वजा करते. म्हणजे भिंतीपलीकडे ७० डेसिबलचं घूं घूं पोचत असेल तर मीटरवर ३५ दिसतील. फोनच्या माइकला खालचं तसंही नीट कळत नाही. ‘सी’ नावाची दुसरी मोजपट्टी त्याच स्वरातून जेमतेम दोन वजा करते, पण नियमात ती नाही. रस्त्यावरच्या हॉर्नसाठी ‘ए’ ठीकच आहे. बेसच्या बाबतीत मात्र, मला जे सगळ्यात जास्त आवडतं आणि भिंत ज्याला सगळ्यात कमी अडवते, नेमकं तेच कायद्याच्या वहीत जवळजवळ लागत नाही.

भिंत काय करते हेही मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या खोलीत त्या वेळी कुमार गंधर्व चालू होते असतं तर मला थोडा मोठेपणा मिळाला असता. चालू होतं क्वीन. (पाचगणीत राहून क्वीन न ऐकणं कठीण. फ्रेडी मर्क्युरी इथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, आणि त्या पोरांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये बेस म्हणून चहाच्या खोक्याला काठी नि दोरी लावली होती असं सांगतात. याहून स्वस्त सबवूफर मला तरी मिळाला नाही.) काकांच्या खोलीत त्यातलं गाणं अजिबात नव्हतं. आवाज नाही, शब्द नाहीत, गिटार नाही. विटांच्या भिंतीने वरचं सगळं स्वतःकडे ठेवलं होतं आणि फक्त दणके पुढे पाठवले होते. मी संगीत ऐकत होतो, ते मोटर ऐकत होते. दोघंही बरोबर.

वडिलांची आठवण झाली. ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापायचा, तो कमी-जास्त करत बेस लावायचा. एकादशीला बारा वाजेपर्यंत भजन चाले आणि तो घुमारा अख्ख्या आळीत जाई. त्याला कुणी कधी ‘आवाज’ म्हटलं नाही. का? देवाचं म्हणून? असेल. पण मला वाटतं, ज्याच्या घरापर्यंत घुमारा जायचा त्याला उठून देवळात येऊन बसता येत होतं. काका माझ्या हॉलमध्ये येऊन सोफ्यावर बसतील, ही गोष्ट आम्हा दोघांच्याही कल्पनेत बसत नाही. अर्थात हे माझं उत्तर मला पुरतं पटत नाही. त्या आळीत बाळंतिणी होत्या, पहाटे धारा काढायला उठणारे होते, देवळात सहज येऊन बसता न येणारेही असतील. त्यांना कुणी विचारलं होतं? लहानपणी मी पखवाजाजवळ बसायचो, भिंतीपलीकडे कधीच नाही.

अर्थशास्त्रात या भांडणाचा एक प्रसिद्ध खटला आहे. १८७९, लंडन. एक मिठाईवाला वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात खलबत्ते चालवत होता. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला, नेमकी त्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली आणि तक्रार केली की या धक्क्यांमुळे मला रुग्णाची छाती ऐकू येत नाही. कोर्टाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. रोनाल्ड कोस यांनी १९६० च्या आपल्या निबंधात हा खटला उलटा करून पाहिला. त्यांचं म्हणणं, नुकसान एकतर्फी नसतं. खलबत्ता वाजला तर डॉक्टरचं, थांबवला तर मिठाईवाल्याचं. हक्क कुणालाही द्या. दोघांना विनाखर्च, मोकळेपणी सौदा करता आला तर ते आपापसात पैसे देऊन-घेऊन ज्यात एकूण फायदा जास्त तिथेच पोचतील. पुढे कोस यांना १९९१ चं नोबेल मिळालं. इंजिनिअर माणसाला हा विचार फार गोड लागतो, कारण त्यात कुणी वाईट नसतं.

(डॉक्टरची बाजू घ्यायला पाचगणी ही योग्य जागा आहे. हे गाव छातीच्या रुग्णांसाठी हवापालटाचं ठिकाण म्हणून वाढलं, क्षयाच्या लोकांसाठी इथे आरोग्यधाम निघालं, ‘एशिया प्लॅटो’त आजही लोक मुद्दाम गप्प बसायला येतात. शांतता हाच इथला धंदा.)

पण कोस यांच्या गोष्टीत डॉक्टर आणि मिठाईवाला कोर्टात एकमेकांसमोर उभे राहू शकत होते. काका माझ्याशी सौदा कसा करणार? मालक माझ्या भाड्यावर खूश आहेत. काकांच्या खोल्या पगाराबरोबर आलेल्या. मी नाराज होऊन मालकांना एक फोन केला तर काय होईल, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी तसं कधी करणार नाही. पण मी करणार नाही हे त्यांना माहीत असायचं काही कारण नाही. चार महिन्यांत तक्रार आली नाही याचा अर्थ मी ‘त्रास नाही’ असा लावला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण आपल्याकडे आहे, आणि माझे बुक्के तर अक्षरशः ४० हर्ट्झचे होते.

आणि तो शब्द, ‘परवडला’. मराठीत नुसतं परवडत नाही, कुणाला तरी परवडतं. मला परवडतं, त्याला परवडत नाही. चतुर्थी लागतेच. माझ्या एक्सेल शीटमध्ये किंमत, वॅट, हर्ट्झ, वजन, वॉरंटी असे अकरा रकाने होते आणि सगळे माझेच. बावीस हजारांतला जुना पोर्टेड डबा स्वस्त पडला, कारण उरलेला हप्ता भिंतीपलीकडे भरला जात होता.

आठवड्याने मी जाऊन सांगितलं. काकू भाकऱ्या थापत होत्या. “काका, ती मोटर नव्हती. माझा स्पीकर होता. मला तेव्हाच माहीत होतं.” काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता गाणी तर ऐकायचीच की माणसानं. एवढं काय.” काकू मात्र तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, “मी सांगितलं होतं यांना, स्पीकरचं विचारा म्हणून. हे म्हणाले, मोटरचं विचारतो.”

घरी येऊन मी बराच वेळ नुसता बसलो. मी समजत होतो त्यांना कळलं नाही. त्यांनी मला सुटायला दार ठेवून प्रश्न विचारला होता, आणि मी त्या दारातून पळून गेलो होतो.

बारा इंची गेला, अठरा हजारांना. त्याच्याऐवजी आता दोन आठ इंची आहेत, बंद डब्याचे, एक जुनाच. दोन्ही सोफ्याला अगदी चिकटून, माझ्या कानापासून हातभर. मोठ्या मोकळ्या खोलीत हीच युक्ती आधी करायला हवी होती: अख्खा हॉल भरायचा हट्ट सोडला की फक्त माझ्यापुरता बेस लागतो, आणि डबा जवळ असला की थोडक्यात भागतो. खाली फरशी, फरशीखाली जाड रबर, म्हणजे हादरे फळ्यांतून जोत्यात कमी जातात. ३५ हर्ट्झच्या खालचं सॉफ्टवेअरमध्ये कापून टाकलंय. खरं सांगायचं तर बारा इंचीची मजा नाही. ऑर्गनच्या सगळ्यात खालच्या पट्ट्या गेल्या. ज्यांना शेजार नाही त्यांनी बारा इंचीच घ्यावा, माझ्या शीटमध्ये तोच पहिला होता.

मग एका रात्री आम्ही आवाज ठरवला. काका त्यांच्या खोलीत, मी माझ्या, मध्ये फोन.

“आता?”

“येतंय थोडं.”

“आता?”

“हां... आता नाही.”

“नक्की?”

“नाही नाही, नाही येत.”

ते ‘नाही’ जरा लवकर आलं असं मला वाटलं. बटणाजवळ पांढऱ्या रंगाचा टिपका द्यायला हातात ब्रश होता. मी बटण आणखी दोन खाचा मागे घेतलं आणि तिथे टिपका दिला.