दैवाची पाळी पाचवी

पूर ओसरला की घराघरांतून गाळ उपसायचे काम चालते. त्या वेळी एक वाक्य हमखास कानावर येते, "देवाच्या मनात होतं, आपण काय करणार?" २००५ साली मी ते ऐकले, २०१९ साली ऐकले, २०२१ सालीही ऐकले. ज्याचा संसार पाण्यात गेला त्याने ते जरूर म्हणावे. त्या घडीला त्याला तेवढाच आधार असतो आणि तो काढून घ्यायचा मला काही अधिकार नाही. पण त्या जागी घर बांधायला ज्याने परवानगी दिली त्याच्या तोंडून हेच वाक्य आले, तर ती देवाची निंदा आहे असे मी मानतो.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या दत्ताची उपासना. दोन्ही गोष्टी पंचगंगेच्या काठावरच्या. त्यामुळे पूर आणि देव यांचा विचार मला वेगवेगळा करताच येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत : कर्माचे अधिष्ठान, करणारा, त्याची साधने, त्याच्या नाना चेष्टा आणि पाचवे दैव. दैव तिथे नाकारलेले नाही, पण त्याची पाळी चौघांच्या नंतर येते. पुराच्या बाबतीत आपण ते चार सोडून थेट पाचव्यापाशी जातो. निदान कागदावर तरी आधीच्या चारांचा हिशेब मांडावा.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. घाटमाथ्यावर पाऊस किती कोसळावा हे बंधाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती नाही. तेवढे दैवाकडे जाऊ द्या. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून वाद आहे, शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावावरून वाद आहे, त्यांचा निवाडा जाणकार करतील. पण पाणी कुठवर येऊ शकते, हे नकाशावर आखायची पद्धत आपल्याकडे १९८९ च्या शासकीय परिपत्रकापासून आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत घर नको. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात बांधायचे तर आताच्या नियमावलीप्रमाणे जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान ४५ सेंटिमीटर वर हवे.

यातले 'शंभर वर्षांतून एकदा' फार घात करते. ऐकणाऱ्याला वाटते, २०१९ ला येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. आणि दोनच वर्षांत पाणी परत दारात आले. त्या शब्दांचा खरा अर्थ, दर वर्षी शंभरात एक शक्यता. निळ्या रेषेला लागून घर असेल तर दर वर्षी शंभरात चार. वीस वर्षांचे गृहकर्ज घेतले, तर ते फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त.

नात्यातले एक तरुण जोडपे प्लॉट दाखवायला मला घेऊन गेले होते. काळ्याभोर मळीच्या रानात लाल मुरमाचा भराव ओतलेला. डंपरच्या चाकोऱ्या ताज्या होत्या आणि भरावाच्या कडेला उसाचे खोडवे मुरमातून कोंब काढत होते. "काका, एनए झालंय, बँकेनं कर्ज मंजूर केलंय. मग अडचण काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. इतक्या सह्या झालेल्या जागेत नदी येईल असे त्यांनी का समजावे? मी भरावाच्या टोकाशी जाऊन खाली पाहिले. शेजारच्या जुन्या वस्तीचे उंबरे आता पुरुषभर खाली गेले होते. इथे न मावणारे पाणी तिकडेच जाणार. ओढ्याच्या तोंडाशी भराव पडला की नदीची फूग मागे सरकते आणि शहरात शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्ती पाण्यात विरघळल्या, त्या कुंभारांनी कुठल्या नकाशावर सही केली होती?

कर्मसिद्धान्ताला हा प्रश्न जड जातो. करणारा भोगतो, असे आपण म्हणतो. इथे सही करणारा एक, प्लॉट विकून पैसे मोजणारा दुसरा आणि छपरावर बसून होडीची वाट पाहणारा तिसरा. मग कुणीतरी म्हणते, त्यांचे प्रारब्ध. मला हे मान्य नाही. प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःचे दुःख सोसताना स्वतःपुरता वापरावा. दुसऱ्याच्या दुःखाला तो लावला की आपली जबाबदारी झटकायची सोय होते, आणि धर्म अशा सोयीसाठी नाही.

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात काय होते पाहा. कृष्णा-पंचगंगेला पूर आला की पाणी उत्तरेच्या दाराने गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला माणसे भर पावसात रांगा लावतात. तो दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या जागी नेतात. नदीच्या वाटेत भिंत घालून देवाला कोरडे ठेवावे, असे तिथे कुणाच्या मनात येत नाही. देव उठतो, नदीला वाट देतो आणि पाणी उतरले की परत येतो. त्याच पावसाचे, त्याच नदीचे पाणी वाडीत सोहळा होते आणि भरावावरच्या कॉलनीत आकांत. देवाचे मन दोन्हीकडे एकच आहे. फरक आपण कुठे काय बांधले याचा आहे.

तुमच्या गावाचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा आपला प्लॉट पिवळ्या रहिवासी पट्ट्यात आला का, एवढे पाहून परतू नका. पूररेषा नकाशावर आहेत का, त्यांच्या आत काय मंजूर केले आहे आणि भराव पडला तर पाणी कुणाच्या दारात जाणार, हे पाहा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. पोच घ्यायला विसरू नका.