हात कुणी लावला?

मराठीच्या मास्तराने मोटारीच्या इंजिनात हात घालू नये असा काही नियम नाही. पण घातलाच तर काय होते, त्याची ही हकीकत.

२००४ च्या मे महिन्याची सुट्टी होती. माझ्याकडे तेव्हा जुनी घेतलेली मारुती ८०० होती. प्लग बदलणे काही अवघड नव्हे, असे ऐकून होतो. बेळगावातल्या एका दुकानातून तीन प्लग आणले, पाना घेतला आणि सकाळीच अंगणात जुने काढून नवे बसवले. हात धुऊन किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली खरी, पण उभ्या जागी थडथडू लागली. चढावर तर दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी अडखळू लागली. मिस्त्री लोकांच्या भाषेत, गाडी 'मिसिंग' मारत होती.

माझा पहिला संशय पेट्रोलवर गेला. आदल्याच दिवशी भरले होते, भेसळ असणार! दुसरा संशय प्लगवर. तडक दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर "डुप्लिकेट माल विकता," असे बोलून मोकळा झालो. दुकानदार म्हणाला, "गाडी घेऊन या सर, बघूया." ऐकून घ्यायला मी थांबलो नाही. घरी येऊन कार्ब्युरेटरचा स्क्रू उगाच इकडेतिकडे फिरवला. गाडी आणखीच बिघडली.

पत्नी एवढेच म्हणाली, "तुम्ही उघडायच्या आधी तर बरी चालत होती." त्यावर मी तिला तर्कशास्त्र ऐकवले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही. एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणजे पहिलीमुळे घडली असे नव्हे. युक्तिवाद बिनतोड होता. चुकीचाही नव्हता. फक्त तो मी स्वतःपुरताच वापरला होता. दुकानदाराला आणि पेट्रोल पंपाला त्याचा लाभ दिला नव्हता.

शेवटी खानापूर रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे गाडी कशीबशी नेली. त्याने बॉनेट उघडले, क्षणभर आवाज ऐकला आणि कन्नडमध्ये विचारले, "कै यार हच्च्यार्री, सर?" म्हणजे, याला हात कुणी लावला? मी म्हटले, "मीच."

त्याने रबरी मुठीच्या पकडीने प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या आणि परत लावल्या. पहिली काढताच इंजीन मरगळले. दुसरी काढताच मरगळले. तिसरी काढली तरी आवाजात काही फरक पडेना. म्हणजे तो सिलिंडर आधीपासूनच बंद होता. त्याने ती वायर 'टक्' आवाज होईपर्यंत दाबून बसवली, आणि थडथड थांबली. वायर मी अर्धवट टेकवली होती! तीन सिलिंडरांच्या इंजिनात एक बसला, की ओझे दोघांवर येते. मिनिटाला नऊशे फेरे धरले, तर प्रत्येक सिलिंडरने साडेचारशे वेळा पेट घ्यायचा. एवढे ठोके दर मिनिटाला फुकट जात होते. हा दोष दोन मिनिटांत निघाला. मी फिरवलेला स्क्रू जागेवर आणायला मात्र त्याला अर्धा तास लागला. झाकलेल्या चुकीपेक्षा ती झाकण्यासाठी केलेली धडपड महाग पडते, ती अशी.

मिस्त्रीचा प्रश्न आरोपाचा नव्हता. शेवटी जिथे हात लागला तिथे आधी बघायचे, एवढाच त्याचा अर्थ. तिथे दोष असेलच असे नाही. पण बघण्याचा क्रम तोच. तिथे दोष नाही अशी खात्री झाली, की मगच पेट्रोलकडे वळायचे. आपण क्रम उलटा लावतो. आधी दूरचे, मग शेजारचे, आणि इलाजच उरला नाही तर स्वतःचे. 'मी कारण आहे' आणि 'मी वाईट आहे' ही दोन वाक्ये आपल्या मनात इतकी चिकटलेली असतात, की दुसऱ्याच्या भीतीने पहिले तपासायचेच राहून जाते.

दुकानदाराकडे मी चार दिवसांनी गेलो. मुद्दाम दुपारी, गिऱ्हाईक नसताना. आरोप चौघांसमोर केला होता, क्षमा एकांतात मागितली. त्याने चहा मागवला. तो चहा मला आजही गोड आठवत नाही.

पुढे मुख्याध्यापक झालो. एका वर्षी आठवीची मुले कन्नडमध्ये एकाएकी मागे पडली. शिक्षकांच्या सभेत जो तो कारणे सांगू लागला. घरी कन्नड बोलत नाहीत, मुलांना गोडी नाही, पालकांचे लक्ष नाही. मीही मान डोलावत होतो. मग तो प्रश्न आठवला. वेळापत्रकाला त्या वर्षी हात कुणी लावला होता? मीच. कन्नडचा तास शेवटी टाकला होता, आणि खेड्यावरची मुले एसटी चुकू नये म्हणून दहा मिनिटे आधीच उठत होती.

ते मी त्याच सभेत, सर्वांसमोर सांगितले. तास दुसऱ्या दिवसापासून सकाळी घेतला. सगळी मुले त्याने सुधारली असे नाही. काहींची कारणे खरोखरच घरची होती. पण ती शोधायचा अधिकार आम्हाला त्यानंतरच आला.