डावा कान

खरे बोलावे की वेळ मारून न्यावी, हा प्रश्न धर्मराजाला कुरुक्षेत्रावर पडला. त्याने अर्धे मोठ्याने आणि अर्धे हळू बोलून तो सोडवला, आणि जमिनीच्या चार बोटे वरून चालणारा त्याचा रथ खाली आला. मला हाच प्रश्न गारगोटीत, आमच्या मोरीत पडला. माझ्याकडे रथ नव्हता. खाली आला तो वॉकमन, आणि तोही थेट बादलीत.

वॉकमन वडिलांचा. म्हणजे घेतलेला मीच, बँकेत लागल्यावर पहिल्या पगारातून. पण एकदा देऊन टाकलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही, एवढे कॉमर्सवाल्यालाही कळते. जपानमध्ये पहिला वॉकमन 1 जुलै 1979 रोजी विक्रीला आला आणि 2010 साली कॅसेटचा वॉकमन तिथल्या बाजारासाठी करणे कंपनीने थांबवले. आमच्या वडिलांना हे कुणी कळवले नव्हते. ते रोज दुपारी जेवण आटोपले की कानाला हेडफोन लावून नाट्यगीतांची एक बाजू ऐकत आणि दुसरी बाजू ऐकता ऐकता झोपत.

ही 2019 च्या ऑगस्टातली गोष्ट. वेदगंगा पात्राबाहेर पडली होती. तिकडे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 43 फुटांची धोक्याची रेघ ओलांडून 55 फुटांच्या वर गेली होती. आमच्याकडे वीज नव्हती आणि नळाला चहाच्या रंगाचे पाणी येत होते. वडील झोपलेले पाहून मी त्यांचा वॉकमन उचलला, बंडीच्या खिशात घातला आणि दाढी करायला मोरीत गेलो. तोंड धुवायला वाकलो, आणि पुढचे मी वर सांगितलेच आहे.

पाण्यात तो फार तर पाच सेकंद असेल. मी बाहेर काढला, टॉवेलने पुसला आणि लगेच बटण दाबले. वाजला! दोन्ही कानांत स्वच्छ वाजला. "काही झालं नाही," असे मी स्वतःला बजावले आणि वडिलांच्या उशाशी वॉकमन जसाच्या तसा ठेवून दिला.

चार दिवसांनी वडील जेवताना म्हणाले, "माझा डावा कान गेला रे."

मला घास गिळेना. डावा कान गेला नव्हता, वॉकमनची डावी बाजू गेली होती. हेडफोन उलटा घालून पाहिला असता तर उजवा कान गेला असता आणि डावा परत आला असता. पण वडील शिस्तीचे. हेडफोनवर जिकडे 'एल' लिहिले आहे, ते डाव्याच कानाला लावायचे. त्या आठवड्यात कोल्हापूरला कान दाखवायला जाणे शक्यच नव्हते. तेव्हा आईने लसूण घालून तेल कोमट केले आणि कानात दोन दोन थेंब सुरू झाले.

गंमत अशी, की एकदा कान गेला म्हटल्यावर तो खरोखरच जाऊ लागला. कोणी डावीकडून बोलले की वडील "काय?" म्हणून वळत. घरातले सगळे त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. संध्याकाळी कट्ट्यावर जाणे त्यांनी कमी केले. "ऐकू येत नाही तर नुसतं बसून काय करायचं?" म्हणाले. मी समोर बसून हे ऐकत होतो. माझे दोन्ही कान शाबूत होते, आणि त्या दिवसांत तीच माझी अडचण होती.

तरी मी बोललो नाही. मी उपाय केला. रात्री वॉकमन तांदळाच्या डब्यात पुरला. तांदूळ पाणी शोषून घेतो अशी समजूत आहे, आणि आमच्याकडचा तांदूळ साधा नव्हे, शेजारच्या तालुक्यातला आजरा घनसाळ, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला. सकाळी वॉकमनला सुरेख वास येत होता. डावी बाजू मुकीच होती. पुढे 2024 साली ॲपल कंपनीनेही लोकांना सांगितले, की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात. हे मला सौभाग्यवतीने पाच वर्षे आधीच सांगितले होते. फक्त तिची काळजी तांदळासाठी होती.

शेवटी गुपचूप मिस्त्रीकडे गेलो. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नदीकाठच्या गावांतले टीव्ही, मिक्सर, रेडिओ, स्पीकर, सगळे चिखल माखून रांगेत बसले होते. माझ्या पुढच्या माणसाने टेपरेकॉर्डर ठेवला आणि म्हणाला, "पुरात व्हता. तीन दिस पाण्यात." एवढेच. घर पाण्यात गेलेला माणूस सरळ सांगून मोकळा झाला. मग माझी पाळी आली.

"पानी गेलंय काय?" मिस्त्रीने विचारले.

"छे! आपोआपच बंद पडला," मी म्हणालो.

का म्हणालो, देव जाणे. मिस्त्री काही वडिलांना सांगायला येणार नव्हता. पण खोटे एकदा घरात ठेवले की ते दारात आपणहून पहारा करते.

त्या आठवड्यात बँकेत लोक भिजलेल्या नोटा घेऊन येत होते. चिकटलेल्या नोटा सोडवताना फाटत. रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मे, त्याखाली काही नाही. नोट किती उरली हे आम्ही मोजतो, ती कशी भिजली हे विचारत नाही. मिस्त्रीचा व्यवहार बरोबर उलटा. त्याला आधी कहाणी लागते. आणि माझ्यासारख्याने कहाणीच खोटी सांगितली, तर तो बिचारा भलत्याच खात्यात चूक शोधत बसतो. त्याने हेडफोनची वायर बदलली, रबराचा पट्टा बदलला. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी त्याने मला बोलावले आणि उघडलेला वॉकमन पुढे धरला. हेडफोनच्या सॉकेटपाशी तांब्यावर हिरवा थर चढला होता.

"सायब, हे काय हाय?"

मी गप्प.

"पान्यानं मशीन लगेच मरत न्हाई," तो रागावला नव्हता, शिकवत होता. "पानी पडलं की पयलं सेल काढायचं. उघडून सोल्युशननं, मऊ बरशानं धुयाचं आणि वाळू द्यायचं. पर तुमास्नी दम कुठला? काय झालं न्हाई हे बघायला तुमी बटन दाबताय. पान्यात करंट सोडला की तांबं खातंय त्ये."

शास्त्रही हेच सांगते. गढूळ पाण्यात क्षार असतात, त्यातून सेलची वीज वाहते आणि तांबे झिजू लागते. म्हणजे वॉकमनचा घात बादलीने केला, त्याहून जास्त माझ्या "काही झालं नाही"ने केला.

पुढच्या काळातल्या यंत्रांनी तर माणसाला विचारणेच सोडले. आयपॉडमध्ये, आयफोनमध्ये आत एक पांढरी पट्टी असे, पाणी लागले की लाल होणारी. पट्टी लाल दिसली की गॅरंटी संपली. गिऱ्हाईक काय म्हणते याला किंमत नाही. मग अमेरिकेत लोक कोर्टात गेले, कारण पट्टी नुसत्या दमट हवेनेही रंग बदलू शकते असे निघाले, आणि 2013 साली कंपनीने 5 कोटी 30 लाख डॉलरवर तडजोड मान्य केली. आमच्या गारगोटीच्या आषाढात तर त्या पट्टीने खोक्यातच लाजून लाल व्हायचे. पण असा साक्षीदार यंत्रात बसवायची पाळी का आली, हे मला विचाराल तर मी मान खाली घालीन.

मिस्त्रीने थर खरवडला, हेड पुसले, नवे सॉकेट डाखले. वॉकमन दोन्ही बाजूंनी वाजू लागला. मी तो उशाशी ठेवला. दुपारी वडील ओरडले, "अगं, कान आला! तेल लागू पडलं!"

आता तुम्हीच सांगा, इथे कबुली द्यायचे काय कारण होते? यंत्र दुरुस्त, कान दुरुस्त, आई खूश. नुकसान कोणाचेच नाही. हिशेबाच्या भाषेत खाते मिटले. मी दोन दिवस याच समाधानात काढले.

तिसऱ्या दिवशी वडील कट्ट्यावरून उत्साहात आले. त्यांचे मित्र, निवृत्त तलाठी, यांनाही महिनाभर ऐकू कमी येत होते. पाणी ओसरल्यावर मुलगा त्यांना कोल्हापूरला डॉक्टरकडे नेणार होता. "मी सांगितलं, डॉक्टर कशाला? आमच्या घरचं तेल घाला. उद्या बाटली भरून देतो."

मुद्दल माझे, एका बादलीएवढे. पण चक्रवाढ व्याज तिसऱ्याच माणसाच्या कानापर्यंत पोचले होते. खोट्याचे खाते आपल्यापुरते मिटत नाही, हे बावीस वर्षांचा कारकून म्हणूनही मला आधी कळायला हवे होते.

मी वडिलांच्या समोर बसलो आणि बादलीपासून तांदळापर्यंत सगळे सांगितले. ते ऐकत राहिले. मग हेडफोन उलटा घालून बघितला, परत सुलटा घातला.

"म्हणजे कान गेलाच नव्हता?"

"नाही."

"मी पंधरा दिवस कट्ट्यावर गेलो नाही, ते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते उठले, छत्री घेतली आणि भर पावसात तलाठ्यांच्या घरी गेले. तासाभराने परत आले. पाय पुसत म्हणाले, "सांगितलं त्यांना. डॉक्टरकडेच जा म्हटलं."

"मग? काय म्हणाले?"

"विचारत होते, एवढे दिवस मुलगा बोलला का नाही. मी म्हटलं, बँकेत आहे तो. खातेदाराची माहिती बाहेर देत नाहीत."

आणि वॉकमन उचलून त्यांनी तो आपल्या कपाटात ठेवला. किल्ली अजून त्यांच्याचकडे आहे.